जत्रा शिकायची म्हणजे काय काय शिकायचं

पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवून एक माणूस बाजूला व्हायला दोन सेकंद लागतात असं धरू. मिनिटाला ३० माणसं झाली, तासाला १,८००. दर्शनबारीत ६०,००० लोक उभे असतील, तर शेवटी लागलेल्याला ३३ तास २० मिनिटं थांबावं लागेल. आता ते दोन सेकंद दीडवर आणा. तासाला २,४०० माणसं जातील आणि शेवटच्याचा नंबर २५ तासांत लागेल. नुसत्या अर्ध्या सेकंदानं आठ तासांहून जास्त वेळ वाचला.

हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. रांगेतली माणसं भागिले दर तासाला पुढे जाणारी माणसं, की निघाला थांबण्याचा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम सिद्ध केला आणि रांगांच्या शास्त्रात तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. खरी अडचण पुढची आहे. तो अर्धा सेकंद काढून घ्यायचा कोणाकडून? आळंदीहून अठरा-वीस दिवस चालत आलेल्या म्हातारीचं डोकं पायांवर टेकलं न टेकलं तोच तिला दंडाला धरून पुढे सरकवायचं, हे व्यवस्थापन झालं की अपमान?

इथे वारकऱ्यांचा रिवाज ठाऊक असलेला माणूस वेगळंच काही सांगेल. पंढरीला आलेले सगळेच बारीत उभे राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला माथा आणि लांबून कळसाला हात, एवढं झालं की वारी पोचली असं मानणारे कितीतरी आहेत. पदस्पर्शाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, ही सोय देवस्थानानं केली. पण कळसदर्शन पुरेसं मानण्याची सोय परंपरेनं आधीच करून ठेवली होती. गर्दी विभागण्याचं हे साधन कोणत्याही कठड्यापेक्षा दणकट आहे आणि ते नकाशात दिसत नाही. म्हणून जत्रा-यात्रांचं व्यवस्थापन शिकायचं तर गणित आणि रिवाज दोन्ही शिकावे लागतात.

दोन विषय, दोन इमारती

अमेरिकेत पदवी अभ्यासक्रमांना सरकारी वर्गवारीचे क्रमांक असतात. उद्यानं, करमणूक, फुरसत यांचा क्रमांक ३१. तत्त्वज्ञान आणि धर्म-अभ्यास ३८. पुरोहित-पाद्री घडवणारं धर्मशास्त्र ३९. क्रमांक वेगळे, विभाग वेगळे, बहुतेक ठिकाणी इमारतीही वेगळ्या. ३१ क्रमांकाचा विद्यार्थी कार्यक्रमाची आखणी, मैदानांची आणि उद्यानांची देखभाल, अंदाजपत्रक, स्वयंसेवकांची बांधणी, अपघाताची जबाबदारी आणि विमा हे शिकतो. ३८ क्रमांकाचा विद्यार्थी विधी, ग्रंथ, पंथांचा इतिहास आणि लोकांमध्ये राहून निरीक्षण कसं करायचं हे शिकतो.

आपल्याकडे पहिल्या विषयाला पर्यटन किंवा इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात, आणि दुसऱ्याचं नाव काढलं की लोक विचारतात, ‘कॉलेजात धर्म शिकवतात?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट बघू. संविधानाच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्माचं शिक्षण देणं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये जवळपास हाच फरक केला होता. सत्यनारायण कसा घालायचा हे वर्गात शिकवलं तर ते धार्मिक शिक्षण. सत्यनारायण कुठे, कधीपासून, कोण घालतं, त्यात यजमान कोण आणि वाढपी कोण, हे तपासलं तर तो अभ्यास. देव आहे की नाही याचा निकाल या वर्गात लागत नाही, आणि कोणी लावायला लागला तर त्याला गुण मिळत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्म-अभ्यासाचा विभाग उभा केला. धर्माकडे सात बाजूंनी बघायची त्यांची पद्धत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडते: विधी, कथा, अनुभव, सिद्धान्त, आचारधर्म, समाजरचना आणि वस्तू-वास्तू. वहीचं पान सात भागांत आखा आणि गावच्या जत्रेत जाऊन बसा. संध्याकाळी बघाल, तर ‘विधी’चा रकाना भरून वाहत असतो आणि ‘समाजरचना’ कोरा. याचा अर्थ समाजरचना नव्हती असा नाही. ती कोणाला विचारायची हे आपल्याला कळलं नव्हतं. पालखीचा पहिला खांदा कोणाचा, नैवेद्य आधी कोणत्या वाड्यातून येतो, ढोल-सनई कोणाकडे परंपरेनं आहे, ही माहिती मानकऱ्यांकडे मिळते, गुरवाकडे मिळते, आणि ज्यांना मान नाही त्यांच्याकडे सर्वांत नेमकी मिळते.

रुंदी, मिनिटं आणि चौरस मीटर

आता गणिताकडे. हे अवघड नाही, पण आकडे पाठ हवेत.

सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं आणि पायऱ्यांवरून ६६ माणसं जाऊ शकतात, असं ब्रिटनमधल्या क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठीच्या मार्गदर्शिकेत धरलेलं आहे. ही तिथल्या सामन्याला येणाऱ्या प्रेक्षकांची गती झाली. काखेत पोर, डोक्यावर गाठोडं, हातात ओटीची पिशवी आणि सोबत सासू असेल तेव्हा हा आकडा धरू नये. जत्रेसाठी मीटरला ५० धरून चाला.

तीन मीटर रुंदीची गल्ली घ्या. मिनिटाला १५०, तासाला ९,००० माणसं जातील. सकाळी पोलीस पाटील आणि ग्रामसेवक टेप लावून मोजतात तेव्हा गल्ली तीन मीटरच असते. दहा वाजता दोन्ही बाजूंना पेढेवाले, बांगडीवाले, खेळणीवाले बसतात आणि प्रत्येकाची फळी अर्धा-अर्धा मीटर पुढे येते. उरली दोन मीटर, म्हणजे तासाला ६,०००. मागून मात्र तासाला ९,००० येतच आहेत. तासाभरात ३,००० माणसं तोंडाशी तुंबली. चौरस मीटरला चार जण धरले, तर त्यांना ७५० चौरस मीटर जागा लागेल. मागचा रस्ताही तीनच मीटरचा असेल, तर ही गच्च गर्दी २५० मीटर मागे गेली. आणि शेपटाकडच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते.

दाटी डोळ्यांनी मोजायची सवय करावी लागते. मैदानात फक्कीनं तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन आखा आणि वर्गातल्या मुलांना त्यात उभं करा. १८ जण उभे राहिले, म्हणजे चौरस मीटरला दोन, तर सगळे आरामात वळतात. ३६ झाले की खांदे लागतात. ५४ झाले, म्हणजे मीटरला सहा, की कोणालाच स्वतःच्या मनानं पाऊल टाकता येत नाही. एकाला धक्का दिला तर तो धक्का पार पलीकडच्या बाजूला जाऊन निघतो. ५४चा प्रयोग वर्गात करू नका, ३६वर थांबा. चालत्या गर्दीत मीटरला चार-पाचच्या वर गेलं की धोक्याची घंटा समजायची. सहा-सातला गर्दी पाण्यासारखी वागायला लागते आणि वरून पाहिलं तर डोकी लाटेसारखी एका बाजूला झुकून परत येताना दिसतात. ही लाट दिसली की कर्ण्यावरून ‘ढकलू नका’ ओरडून उपयोग नसतो, कारण कोणी ढकलत नसतंच. मागून येणाऱ्यांना लांबवरच, मोकळ्या जागी थांबवणं हा एकच इलाज उरतो.

अशा ठिकाणी माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती फुगायला जागा न राहिल्यानं, उभ्या उभ्या गुदमरून मरतात. इंग्रजी वर्तमानपत्रांतला ‘स्टँपीड’ हा शब्द उधळलेल्या गुरांचा आहे आणि तो नकळत दोष मेलेल्यांवर टाकतो. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्या मानानं खरा. त्यात कोणी पळत नाही, सगळे चेंगरतात.

अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी अशा दुर्घटनांची कारणं चार शब्दांत बसवली: जोर, माहिती, जागा, वेळ. कोणतीही घटना या चार खुंट्यांवर टांगून बघता येते. साताऱ्यात वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, काळूबाईच्या यात्रेत २९०हून अधिक माणसं गेली. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं: ही जागा. एकाच तिथीला सगळ्यांना वर पोचायचं: ही वेळ. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर लोक पडले आणि मागच्यांना ते कळलंच नाही: ही माहिती. मागचे चढत राहिले: हा जोर. नंतर दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. या घटनेची चौकशी न्यायमूर्ती कोचर आयोगानं केली.

नारळाच्या पाण्याकडे पुन्हा बघा. पायऱ्या खरखरीत करणं हे अभियंत्याचं काम. पण नारळ पायऱ्यांपासून लांब, खाली निचऱ्याच्या जागी फोडायचा हा निर्णय अभियंता घेऊ शकत नाही. तो पुजाऱ्यानं, मानकऱ्यांनी आणि भाविकांनी मान्य करावा लागतो, आणि ‘देवीला खाली फोडलेला चालतो का’ या प्रश्नाचं उत्तर आधी शोधावं लागतं. बहुतेक देवस्थानांत ते उत्तर असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

काय हलवता येतं आणि काय नाही

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एक तक्ता करायला सांगावा. उभ्या ओळीत जत्रेतले सगळे विधी आणि समोर तीन रकाने: वेळ हलवता येते का, जागा हलवता येते का, पर्याय चालतो का. अभिषेकाची वेळ हलत नाही, पण अभिषेक पाहणाऱ्यांची संख्या कमी करता येते. छबिन्याची वाट ठरलेली असते, पण वेग आणि थांबे ठरलेले नसतात. नवस फेडायला तिथी लागते असं लोक सांगतात. खोदून विचारलं की ‘त्या महिन्यात कधीही चालतं’ असं निघतं. गळाला लागावी अशी माहिती ती हीच.

तिथी मात्र हलत नाही. कुंभातलं पर्वस्नान पुढच्या रविवारी ठेवता येत नाही. नाशिकच्या २००३च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला ३९ जण गेले. घाटाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर थोपवून धरलेली गर्दी, पुढून साधूंची मिरवणूक आणि उतार, हा तिन्हींचा मेळ घातक असतो, कारण उतारावर वजन आपोआप पुढे येतं. २०१५च्या सिंहस्थात मिरवणुकीचा मार्ग बदलला, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. पण पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त इतका कडक झाला की लोकांना मैलोन्मैल चालावं लागलं आणि घाटावर गर्दीच कमी दिसली. पुढच्या स्नानांना तो सैल करावा लागला. ‘काही झालं नाही’ म्हणजे व्यवस्थापन जमलं असं नव्हे. भाविक घाटापर्यंत पोचलाच नाही, तर ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच राहिलं. पुढचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. या विषयाच्या विद्यार्थ्यांना याहून मोठी प्रयोगशाळा घराजवळ मिळायची नाही.

टोकन आणि ऑनलाइन वेळ हा सध्याचा आवडता उपाय. तिरुमलात, शिर्डीत, शबरीमलाला तो चालतो. पण टोकन रांग संपवत नाही. ती मंदिरातून उचलून दुसरीकडे ठेवते. तिरुपतीत जानेवारी २०२५मध्ये वैकुंठ एकादशीच्या दर्शनाची टोकनं घ्यायला जमलेल्या गर्दीतच सहा जण मेले. टोकन वाटण्याच्या जागेचं गणित मंदिराच्या गणिताइतकंच बारकाईनं करावं लागतं: खिडक्या किती, एका टोकनाला किती सेकंद, आणि खिडकी उघडण्याआधी रात्रभर जमणाऱ्यांना उभं राहायला जागा किती.

काही व्यवस्था मात्र परंपरेनं इतक्या नीट बांधल्या आहेत की त्यांच्याकडून शिकावं. माउलींच्या पालखी सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक असतात: रथापुढच्या २७, मग रथामागच्या. प्रत्येकीची जागा ठरलेली. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा आवाज क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग आरती. कर्णे नाहीत, वॉकी-टॉकी नाही. तक्रार लपून राहू शकत नाही, कारण बाकी सगळं शांत आहे. फ्रुइन यांच्या चार शब्दांतला ‘माहिती’ शिकवायला याहून चांगलं उदाहरण परदेशी पुस्तकांत नाही.

कोणाशी बोलायचं हेही कायद्यानं ठरतं. पंढरपूरसाठी १९७३चा स्वतंत्र कायदा आहे, शिर्डीसाठी २००४चा. गावच्या देवळाचा ट्रस्ट १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. म्हणजे नकाशा तहसीलदाराकडे, वाहतूक पोलिसांकडे, पैसा ट्रस्टकडे आणि विधी मानकऱ्यांकडे. चौघांना एका टेबलाशी आणल्याशिवाय आखलेला आराखडा जत्रेच्या सकाळी कागदावरच राहतो.

करमणूक हा वेळेचा बांध

आता फुरसत. ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्खोले’ म्हणत; त्यावरूनच ‘स्कूल’ आलं. आपल्या पोरांना हे सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये ‘गंभीर फुरसत’ अशी कल्पना मांडली. टीव्ही बघणं ही सैल फुरसत. पण वर्षानुवर्षं चिकाटीनं केलेली, कौशल्य लागणारी, ज्यावरून माणूस स्वतःची ओळख सांगतो अशी गोष्ट वेगळी. वारीतला पखवाजी या व्याख्येत चपखल बसतो. पण त्याला ‘ही तुमची फुरसत का?’ असं विचारलंत तर तो म्हणेल, ‘फुरसत कसली, नेम आहे.’ अभ्यासकानं दोन्ही लिहायचं असतं: आपली व्याख्या काय म्हणते आणि तो काय म्हणतो. धर्म-अभ्यासातही असंच घडतं. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांचं म्हणणं होतं की यात्रेत उच्चनीच विरघळतं, सगळे एका पातळीवर येतात. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या तेव्हा त्यांना दिंड्यांमधली जातींची वेगळी जेवणं दिसली. सिद्धान्त पाठ करून मैदानात उतरणाऱ्यानं हे दोघं जोडीनं वाचावेत.

आपल्या गावजत्रेत देव आणि करमणूक कधी वेगळे नव्हतेच. सकाळी अभिषेक, दुपारी कुस्त्यांचा फड, रात्री छबिना, मग तमाशा. गोव्याच्या जत्रेत देवळासमोर नाटक रंगतं. शिकलेल्या माणसाला वाटतं, मूळ गोष्ट पूजा आणि बाकी सगळा बाजार. व्यवस्थापनाच्या नजरेनं बघा म्हणजे ‘बाजारा’चं काम कळेल. पालखी मंदिरात परतल्यावर पुढे काहीच नसेल, तर १०,००० माणसं एकदम एसटी स्टँडवर जातील. ती दोन तासांत हलवायची तर गाडीत ५० धरून २०० गाड्या लागतात, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. कोणत्याही तालुक्याच्या स्टँडवर हे होत नाही. पण कुस्त्या सहापर्यंत, कीर्तन आठपर्यंत, पाळणे रात्रीपर्यंत असे लांबवले तर तेच लोक सहा तासांत पांगतात आणि दर १०८ सेकंदांना एक गाडी पुरते. ज्यांना शेवटची निकाली कुस्ती बघायचीय ते थांबतात, लेकरं असलेले आधी निघतात. फड बंद करून जत्रा ‘शिस्तीत’ आणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

परतीची वाट सगळेच विसरतात. १० फेब्रुवारी २०१३ रोजी अलाहाबादला मौनी अमावास्येचं स्नान करून निघालेली गर्दी रेल्वे स्टेशनात अडकली आणि ३६ जण गेले. संकट घाटावर आलं नाही, स्टेशनच्या जिन्यावर-पुलावर आलं.

करमणुकीला कायद्याची मर्यादाही आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं. त्या १५ दिवसांत आपली तिथी आहे का हे तमाशाची सुपारी देण्याआधी बघायचं, नारायणगावच्या राहुट्यांत इसार मोजून आल्यावर नाही.

शौचालयं

या विषयावर कोणी प्रबंध लिहीत नाही, पण मुक्कामाची यात्रा इथेच बिघडते. १०,००० माणसांचा तळ आहे. पहाटे चार ते सहा या दोन तासांत सगळ्यांना जायचंय. एकाला पाच मिनिटं धरली तर एका भांड्यावर दोन तासांत २४ जण. लागली ४१७ भांडी. मानवतावादी मदतीच्या ‘स्फिअर’ निकषांत दीर्घ मुक्कामाला २० माणसांमागे एक आणि आणीबाणीच्या सुरुवातीला ५० मागे एक असा आकडा आहे. आपला हिशेब २० च्या जवळ आला. ५० च्या हिशेबानं २०० ठेवली तर शेवटच्याचा नंबर आठ वाजून गेल्यावर लागेल, आणि दिंडी तोवर निघालेली असेल. म्हणून मग लोक शेतात जातात. दोष सवयीचा कमी, भागाकाराचा जास्त. त्याच निकषांत बायकांसाठी तीन आणि पुरुषांसाठी एक हे प्रमाण दिलंय, आणि ते अगदी बरोबर आहे.

ठेवली तरी बिघडतात, का? आषाढात पाऊस असतो आणि शौचालयांची रांग सोयीसाठी तळाच्या मागच्या काळ्या मातीत लावलेली असते. टाकी उपसायचा टँकर तिथे रुततो. दुसऱ्या दिवशी अर्धी भांडी भरलेली. टँकरची वाट आधी मुरमानं पक्की करायची आणि मग तिच्या कडेला रांग लावायची, हा क्रम. पाण्याचा नळ भांड्यांपासून पन्नास पावलांवर असेल तर भांडी कोरडी आणि नळाखाली चिखल, असं दृश्य पहिल्याच सकाळी दिसतं.

कुठे शिकायचं

या सगळ्याला एकच नाव असलेली पदवी शोधत बसू नका; जोडणी आपली आपण करायची. पर्यटनासाठी केंद्र सरकारची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था आहे. १९८३ पासून, मुख्यालय ग्वाल्हेरला, गोव्यात तिचं जलक्रीडा केंद्र. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवीत मुख्य विषयाबरोबर उपविषय घेता येतो: मुख्य पर्यटन आणि उप समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान, किंवा उलट. चार श्रेयांकांचं (क्रेडिटचं) प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. ते शहरातल्या ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढण्यात घालवू नका, एखाद्या देवस्थान ट्रस्टला पत्र द्या.

विषय एकत्र आले की काय होतं याचा नमुना बघायचा तर हार्वर्डनं २०१३च्या कुंभावर केलेलं काम बघा. धर्माच्या अभ्यासक डायना एक आणि मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांच्याबरोबर सार्वजनिक आरोग्य आणि व्यवसाय-व्यवस्थापनाचे विद्यार्थी-प्राध्यापक तिथे उतरले. नदी ओसरल्यावर वाळूत उभं राहणारं आणि काही आठवड्यांत गुंडाळलं जाणारं शहर कसं चालतं, हा प्रश्न एका विभागाच्या आवाक्यातला नव्हताच.

१२० तासांत काय करायचं

पहिला प्रकल्प वारीवर करू नका. पाच ते तीस हजार माणसांची, एका दिवसाची गावजत्रा निवडा. तीन फेऱ्या: पंधरा दिवस आधी, जत्रेदिवशी, आणि दुसऱ्या दिवशी.

आधीच्या फेरीत विधींचं वेळापत्रक, मानकऱ्यांची यादी आणि वाटांचा नकाशा. छापील पत्रिकेवरच्या वेळा लिहून घ्या, पण गुरवाला विचारा की गेल्या वर्षी पालखी खरोखर किती वाजता उठली. हा फरक दोन तासांचाही असू शकतो. मुलाखतीला परवानगी घ्या, नाव लिहू का विचारा. अंगात येणाऱ्या बाईचा फोटो न विचारता काढू नका.

जत्रेदिवशी मोजणी. वाटेची सर्वांत अरुंद जागा शोधून टेप दुपारी लावा, दुकानं बसल्यावर. तिथे दोघं उभे राहा, एक येणाऱ्यांसाठी, एक जाणाऱ्यांसाठी. दर दहा मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं आणि त्या मिनिटाचा आकडा आणि वेळ लिहून ठेवायची. तासातल्या सहा आकड्यांची बेरीज करून ती दहापट करायची, पण हा गुणाकार घरी. सरासरीच्या नादी लागू नका. दिवसभरात ३०,००० लोक १५ तासांत आले म्हणजे तासाला २,००० असं वाटतं. पण त्यातले ४० टक्के पालखीच्या आसपासच्या दोन तासांत आले असतील, तर तेव्हाचा दर तासाला ६,००० होता. वरच्या दोन मीटरच्या गल्लीची क्षमता तेवढीच होती, हे आठवलं म्हणजे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ या वाक्याचा अर्थ कळेल.

लाखांचे आकडे कोणी सांगितले तर जमीन मोजा. १०० बाय १०० मीटरच्या मैदानात मीटरला तीन धरून ३०,००० माणसं उभी राहतात. पाच लाख उभे करायला ४१ एकर सलग मोकळी जमीन लागते.

दुसऱ्या दिवशीची फेरी बहुतेक जण टाळतात, कारण गाव झोपलेलं असतं. पण सफाईवाले यायच्या आत सकाळी सहाला वाटेनं चालत जा आणि सुट्या चपला कुठे पडल्यात ते नकाशावर टिपा. विखुरलेल्या एकेकट्या चपलांचं काही नाही. एकाच ठिकाणी, विशेषतः वळणावर, पायरीच्या तळाशी किंवा कमानीखाली वीस-पंचवीस चपलांचा ढीग दिसला, तर तिथे काल माणसांना खाली वाकून चप्पल उचलता आली नव्हती. तिथली रुंदी मोजा, दोन्ही बाजूंचं दुकान कोणाचं ते लिहा, आणि ट्रस्टच्या बैठकीत तेवढा एकच फोटो घेऊन जा.